सावकाश पळायला या

कोकणातल्या माणसाला 'सावकाश' हा शब्द शिकवावा लागत नाही. पाहुणा निघाला की आपण म्हणतो, सावकाश जा. पानावर बसला की सावकाश होऊ दे. एसटी चुकली तर पुढची येईल, सावकाश. मुंबईकर यावरून आपली चेष्टा करतात, करू देत. पण लांब पळण्याच्या कामात हाच शब्द सगळ्यात मोलाचा आहे आणि नेमका तिथेच आपण तो विसरतो. एरवी बाजारात रमतगमत जाणारा माणूस पायात बूट चढले की मागे वाघ लागल्यासारखा सुटतो. चार दिवस सुटतो, पाचव्या दिवशी गुडघा धरून बसतो आणि सहाव्या दिवशी सांगतो, पळणं आपल्याला मानवत नाही.

जानेवारीत रत्नागिरीत कोकण कोस्टल मॅरेथॉन असते. बाहेरगावची माणसं आपल्या किनाऱ्यावर पळायला येतात आणि आपल्यातले बरेच जण त्या वेळी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे असतात. त्या गॅलरीतल्या मंडळींसाठी हे आवाहन आहे. पदकासाठी पळणाऱ्यांना त्यांचे प्रशिक्षक असतात, त्यांना माझी गरज नाही. मी बोलतोय तो दुकानदाराशी, बँकेतल्या ताईंशी, निवृत्त गुरुजींशी, पहाटे डबे करून नोकरीला जाणाऱ्या वहिनींशी आणि गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याशी.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं ऐकाल. पहिली अर्धमॅरेथॉन मी पंचेचाळिशीत पळालो, दुसऱ्या एका शहरात. अंतर २१ किलोमीटरच्या वर थोडं. सुरुवातीला ढोल वाजत होते, पुढे कॉलेजची मुलं होती, मी त्यांच्या मागे लागलो. पहिले पाच किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत गेले आणि मला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं घरी बसलो. चौदाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. सोळाव्याला मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो होतो आणि एक आजी मला विचारत होत्या, "बाबा, घरी कोणाला फोन करू का?" उरलेलं अंतर चालत काढलं. शेवटी कमान आली तेव्हा ती उतरवायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी कळलं की शर्यत पहिल्या पाच किलोमीटरमध्ये बिघडते आणि बिल शेवटच्या पाचात येतं.

सावकाश म्हणजे किती? त्याला घड्याळ लागत नाही. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मनातल्या मनात नको, मोठ्याने आरतीचं एक कडवं म्हणून बघा. मधेच धाप लागून शब्द तुटला तर वेग जास्त झाला, कमी करा. सुरुवातीचे दोन महिने तरी सगळं पळणं याच मापात ठेवा. कोणी म्हणेल, हे काय पळणं, याच्यापेक्षा आमची म्हैस बरी. म्हणू दे. या वेगाने हृदय, फुप्फुसं आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध त्याहून उशिरा तयार होतात. दम आठ दिवसांत वाढल्यासारखा वाटतो, गुडघ्याला मात्र महिने लागतात. बहुतेक दुखापती या तफावतीतून होतात.

आता वेळापत्रक. पावसाळ्यात रस्ते निसरडे, सड्यावर शेवाळ, वाडीत भात. ते दिवस चालण्याचे आणि घरातल्या व्यायामाचे. खरी सुरुवात करा विसर्जनानंतर. अनंत चतुर्दशीपासून जानेवारीपर्यंत सगळे सण आपल्या वाटेवर मैलाच्या दगडासारखे येतात. त्याआधी ऑगस्टपासून आठवड्यातून चार दिवस अर्धा-पाऊण तास चालत असाल तर उत्तम. पितृपक्षात दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस. हळूहळू चालणं कमी करा. दसऱ्याला ८ किलोमीटर, दिवाळीत १०, तुळशीच्या लग्नाला १३, दत्तजयंतीला १७-१८. एवढं जमलं की २१ जमतात, शर्यतीआधी पूर्ण २१ पळून बघायची गरज नाही. हे लांब पळणं आठवड्यातून एकदाच. बाकी दोन दिवस पाच-सहा किलोमीटर पुरे. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा, शरीराला हिशेब मिटवायला वेळ द्या. अधिक महिन्याच्या वर्षी सण लांबतात, तेव्हा सगळा हिशेब पंधरवडाभर अलीकडे ओढा. दत्तजयंतीनंतर शर्यतीपर्यंतचे दिवस उतरणीचे. त्या दिवसांत राहिलेला अभ्यास भरून काढायला जाऊ नका. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलाचं जे होतं तेच होईल.

आता पळायचं कुठे ते. रत्नागिरीतल्या भाट्याच्या पुळणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण अशी सपाट पुळण गावाला लागून असणं हे आपलं नशीब आहे. थिबा पॉइंटवर उभे राहिलात की सगळं चित्र एका नजरेत दिसतं. काजळी नदी वळण घेऊन समुद्राला मिळते, खाडीवर पूल, पुलापलीकडे सुरूचं बन आणि दीडेक किलोमीटरची सरळ वाळू. खाडीच्या मुखापासून झरीविनायकापर्यंत जाऊन आलात की तीन किलोमीटर झाले. पण इथे केव्हाही येऊन पळता येत नाही. समुद्राचं स्वतःचं वेळापत्रक आहे आणि ते दर्यावर्दी माणसांना पाठ असतं.

ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी जुना ठोकताळा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे सव्वापाचला ओहोटी. सहाला तुम्ही उतरलात तर पाणी दूर गेलेलं असतं आणि ओली, कडक, रुंद वाळू तुमच्यासाठी मोकळी असते. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी पुळणीवर पळायला सगळ्यात चांगल्या. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. त्या सकाळी कडक वाळू पाण्याखाली असते, उरते ती वरची भुसभुशीत. तिथे पाय रुततो, टाच खोल जाते, पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. अशा दिवशी सरळ रस्ता धरा. पंचांग बघून मुहूर्त काढणाऱ्या आपल्या माणसांना हे जड जाऊ नये. हा ठोकताळाच आहे, थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

वाळूवर आणखी दोन पथ्यं. पुळण पाण्याकडे उतरती असते, एकाच बाजूने पळत राहिलात तर एक पाय सतत वर आणि एक खाली राहतो, कंबर धरते. म्हणून जेवढं जाल तेवढंच परत या. आणि आठवड्यातलं जास्तीत जास्त एक पळणं वाळूवर, बाकी डांबरावर. शर्यत डांबरावर असते, पायांना त्याची सवय हवी. अनवाणी पळायची हौस असेल तर पाच मिनिटं, तीही उजेडात. शिंपले, फुटक्या बाटल्या आणि गळ वाळूत लपलेले असतात. कोणी जाळं ओढत असेल तर लांबून वळसा घाला. आपला तो व्यायाम असतो, त्यांचं पोट असतं.

पुळण सपाट असली तरी आपला किनारा सपाट नाही. झरीविनायकाच्या पुढे पावसचा रस्ता चढाला लागतो आणि सड्यावर येतो. तिथे एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, डोक्यावर उघडं आभाळ. किनारी शर्यत म्हणजे समुद्राच्या पातळीवरून गप्पा मारत पळणं, असा समज करून येणारे इथे फसतात. चढाला पावलं आखूड करा, नजर चार पावलांवर ठेवा, वेग पडला तर पडू दे. धाप लागली तर चाला, चढावर चालणाऱ्याला कोणी दंड करत नाही. उतार त्याहून फसवा. उतारावर पाय आपोआप सुटतात, मांड्यांच्या पुढच्या स्नायूंना मार बसतो आणि तो मार दोन दिवसांनी जिना उतरताना कळतो. उतारावरही आखूड पावलं. दर आठवड्याला एकदा तरी चढ-उतार असलेल्या रस्त्यावर जा. रत्नागिरीहून पावस सतरा-अठरा किलोमीटर. तुमचं सगळ्यात लांब पळणं तेच ठेवा. पहाटे निघा, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला हात जोडा आणि एसटीने परत या. एवढं सोयीचं अंतर दुसऱ्या शहरात शोधून सापडायचं नाही.

मग वारा आणि दमट हवा. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला जानेवारी म्हणजे थंडी. आपल्याकडे पहाटे गारवा असतो, पण हवेत पाणी असतं. घाम येतो तो अंग गार करण्यासाठी, आणि अंग गार होतं ते घाम उडून गेल्यावर. दमट हवेत तो उडत नाही, नुसता गळतो. शरीराचं मीठपाणी जातं आणि अंग मात्र तापतंच राहतं. शाळेत आपण मतलई आणि खारे वारे पाठ केले होते, ते इथे उपयोगी पडतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, तो गार आणि त्यातल्या त्यात कोरडा. ऊन चढल्यावर खारा वारा सुटतो. या दोहोंच्या मध्ये एक वेळ अशी येते की पान हलत नाही. ती घुसमटीची वेळ. तुमचं पळणं तिच्याआधी संपलेलं बरं, आणि संपणार नसेल तर त्या वेळी वेग कमी करायचा हे घरूनच ठरवून या. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शक्य झालं तर चार दिवस आधी यावं. चाकरमान्यांना तेवढी रजा मिळत नाही, पण मुंबईची हवाही दमटच, तुमची अर्धी तयारी तिथेच झालेली असते.

पाण्याबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. काही जण पीतच नाहीत. काही जण प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवतात. दुसरी चूक जास्त भीतीदायक आहे. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणीच पोटात गेलं तर रक्तातलं सोडिअम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरकडे न्या. आपल्याला किती लागतं ते शोधायची सोपी रीत अशी. लांब पळण्याच्या आधी आणि नंतर घाम पुसून वजन करा. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात. तहान लागेल तसं घोट-घोट प्या, तासाभरापेक्षा लांब पळणार असाल तर त्यात मीठ असू द्या.

इथे शहाळ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, थोडी वाईट वाटेल. भाट्यालाच प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ पासूनचं. नारळ आपला जीव की प्राण. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशिअम भरपूर आणि सोडिअम कमी. घामातून जातं ते मुख्यतः सोडिअम. म्हणून पळून आल्यावर शहाळं जरूर घ्या, पण सोबत काहीतरी खारट खा. पळताना ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलेल्या मापातच कालवा, दाट करू नका. घरचं हवं असेल तर कोकमाचं आगळ, साखर, मीठ घालून पातळ सरबत करा, पण आधी सरावात घेऊन बघा. शर्यतीच्या दिवशी कुठलाही नवा पदार्थ पोटात आणि कुठलाही नवा कपडा अंगावर नको.

खाण्यासाठी परदेशी डबे आणायची गरज नाही. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, घावन, नाचणीची भाकरी, केळी, यांवर आपले आजोबा दिवसभर डोंगर चढले. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी पोटभर भात जेवा, रात्री लवकर आणि हलकं. तिखट आमटी, तळलेली सुरमई आणि नारळाच्या दुधाची सोलकढी शर्यत संपल्यावर, तेव्हा त्यांची चवही वेगळी लागते. सकाळी दोन-अडीच तास आधी केळं आणि थोडी पेज किंवा तुम्हाला सोसणारं काहीही. पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन ठेवायची काहींना सवय असते. ती मोडा, अशा गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात आणि घाम गाळताना तो भार दुप्पट जाणवतो.

बुटांसाठी कर्ज काढू नका. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना दुकानात जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच सरकता कामा नये. सुती बनियन घामाने ओलं होऊन चिकटतं आणि सोलतं. पातळ, लगेच वाळणारा कपडा घाला, काखेत आणि मांड्यांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर तिथल्या तिथे थांबा. नंबर परत मिळतो, पदकही पुढच्या वर्षी मिळतं.

बायकांना वेगळं सांगायचं आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर पळत पळत २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उतरली. गावच्या रस्त्यावर पळताना तिच्याकडेही लोकांनी बघितलंच असेल. तुम्ही पहिल्या दिवशी पळालात की आठ जण बघतील, दुसऱ्या दिवशी चार, महिन्याने तेच विचारतील, काल का नाही आलात? एकट्या अंधारात जाऊ नका, तिघी-चौघींचा गट करा, उजाडताना निघा, पंजाबी ड्रेसवर पळालात तरी चालेल. आणि घरातल्या पुरुषांनी आठवड्यातून तीन सकाळी डब्याची भाकरी आपण थापावी, या लेखातला तेवढा एक सल्ला पाळला तरी पुष्कळ.

वाटेवरच्या गावांनाही विनंती आहे. शर्यतीच्या सकाळी दोन-तीन तास गाडी घरात राहू द्या, कुत्रा बांधून ठेवा, मुलांना रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला उभं करा. सोळाव्या किलोमीटरला कोणी आपल्या नावाने हाक मारली तर पायात काय येतं, ते पळणाऱ्यालाच ठाऊक. पळणाऱ्यांनी कागदी पेला आणि ओआरएसचं पाकीट डब्यातच टाकावं. रस्त्यावर टाकलेलं पहिल्या पावसात वाहून खाडीत जातं.

आणि शेवटची ताकीद. शर्यत संपली की समोर समुद्र दिसतो आणि अंग भिजवायचा मोह होतो. घोट्यापर्यंत उभे राहा, पुढे जाऊ नका. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढतं आणि दमलेल्या पायांत त्या ओढीला तोंड देण्याचं बळ उरलेलं नसतं.

त्या फजितीनंतर दोन वर्षांनी मी पुन्हा २१ किलोमीटर पळालो. सुरुवातीला सगळे पुढे गेले. एक सत्तरीचे काका गेले, एक ताई बाबागाडी ढकलत गेल्या. मी आरती म्हणत राहिलो. चौदाव्या किलोमीटरपासून एकेक जण चालताना भेटू लागला. शेवटचा चढ मी पळत चढलो, पावणेतीन तासांनी कमानीखाली पोचलो, आणि कमान उभी होती. काका मात्र माझ्याआधी पोचून केळं खात बसले होते. म्हणाले, "घाई नव्हती ना? मग बस सावकाश."

तर विसर्जन झालं की पहिल्या पौर्णिमेला पहाटे भाट्याला या. तिथीचा हिशेब वर सांगितलाच आहे, वाळू मोकळी असेल. नवे बूट घ्यायची वाट बघू नका, असतील ते घालून या. पहिल्या दिवशी झरीविनायकापर्यंत चालत गेलात तरी पुष्कळ.